‘घरी घेऊन जा’ : शुश्रूषा की हद्दपारी?

‘आता पेशंटला घरी घेऊन जा’ या वाक्याचा पांढरपेशा घरात एक अर्थ होतो आणि आपल्या वस्तीत दुसरा. तिकडे ते ऐकून दुःख होते. इकडे दुःखाच्या आधी संशय येतो. पैसा नाही म्हणून सांगितले काय? आडनाव वाचून सांगितले काय? खाट दुसऱ्या कोणाला द्यायची आहे काय? या संशयाला कोणी अडाणीपणा म्हणू नये. त्याला इतिहास आहे. १९२९ साली काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाच्या बाळंतीण बायकोला तपासायला डॉक्टर वस्तीत शिरायला तयार नव्हता. आजारी बाईला वस्तीबाहेर आणावे लागले. थर्मामीटर डॉक्टरने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोच्या. आणि ती बाई गेली. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. ज्यांना उपचाराच्या दारापर्यंत पोहोचायलाच पिढ्या लागल्या, त्यांना ‘उपचार थांबवू या’ हे शब्द कसे ऐकू येणार?

परंतु संशय रास्त असला तरी तेवढ्यावर भागत नाही. त्या एकाच वाक्याआड दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, रोग्याला टाकून देणे. दुसरी, रोग हटणार नाही हे ओळखून रोग्याला सांभाळण्याची एक शिस्तशीर वैद्यकीय विद्या. पहिलीविरुद्ध भांडायला हवे. दुसरी हक्काने मागून घ्यायला हवी. आपली माणसे या दोन्हींत फरक करत नाहीत. मग काहीजण सावकाराकडून शेकडा पाचने कर्ज काढून म्हाताऱ्या माणसाला अतिदक्षता विभागात नळ्यांच्या जाळ्यात मरू देतात, आणि बाकीचे त्याला घरच्या कोपऱ्यात विव्हळत मरू देतात. ही दोन्ही मरणे मी आमच्या वस्तीत पाहिली आहेत. तिसरे कसे असते ते माझ्या मायच्या आजारात कळले. ते मांडण्यासाठी हा लेख.

माझी माय मराठवाड्यातल्या एका खेड्यात दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या पिढीतली. १९७२ च्या दुष्काळात कोवळ्या वयात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि भूक मारण्यासाठी तिथेच ती मिश्री लावायला शिकली. तव्यावर भाजलेली ती काळी तंबाखू पुढे पन्नास वर्षे तिच्या हिरड्यांवर होती. (आपल्या साहित्यात भुकेवर पुष्कळ आले, भूक मारायला बायकांनी तोंडात काय धरले यावर त्या मानाने फार थोडे.) गालाच्या आत जखम झाली ती भरेना. तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झाले, अर्धा जबडा गेला, मग शेक दिला. हे सर्व महात्मा फुले योजनेत बसले म्हणून झाले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या खिशातून ते होण्यासारखे नव्हते. वर्ष उलटायच्या आत मानेवर गाठ आली. पुन्हा ऑपरेशन करता येणार नव्हते.

तेव्हा डॉक्टरबाईंनी ‘पॅलिएटिव्ह केअर’ हा शब्द वापरला. माझ्या थोरल्या भावाने लगेच विचारले, “म्हणजे आता औषध बंद का मॅडम?”

शिकलेल्या माणसांचाही तोच समज असतो. मराठीत या शुश्रूषेला कोणी उपशामक म्हणतात, कोणी परिहारक. दोन्ही शब्द जड आहेत म्हणून मी पॅलिएटिव्हच म्हणतो. तिचे काम आजाराने होणारा त्रास कमी करण्याचे. दुखणे, दम लागणे, उलट्या, जखमेची घाण, झोप नसणे, भीती, घरच्यांची ओढाताण हे सगळे तिच्या कक्षेत येते. ती रोगाचे निदान झाले त्याच दिवशी सुरू करता येते आणि केमो, शेक, ऑपरेशन यांच्या जोडीने चालते. केवळ कॅन्सरला नव्हे, तर निकामी होत जाणारी मूत्रपिंडे, थकलेले हृदय, झिजलेली फुप्फुसे, लकवा, स्मृतिभ्रंश अशा दुखण्यांनाही ती लागू आहे, आणि कित्येकदा वर्षानुवर्षे चालते. अखेरच्या काळातली शुश्रूषा हा तिचाच शेवटचा पल्ला. आयुष्य काही दिवसांचे, आठवड्यांचे, फार तर काही महिन्यांचे उरले आहे असे दिसू लागते, रोगावरच्या उपचारांनी फायद्यापेक्षा हालच जास्त होऊ लागतात, तेव्हा ते उपचार थांबवायचे आणि सगळी ताकद माणसाच्या आरामावर लावायची. म्हणून ‘हे की ते’ असा प्रश्न मुलांपुढे खरे तर नसतो. एकातून दुसऱ्यात केव्हा जायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न असतो.

मायच्या बाबतीत पहिला पल्ला पाच महिने चालला. त्या काळात तिला कॅन्सरवरचे औषधही चालूच होते : आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, रोज सेलेकॉक्सिब. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी तोंडाच्या कॅन्सरसाठी या स्वस्त, घरी घेता येणाऱ्या गोळ्यांवर संशोधन केले आहे. त्याने रोग जात नाही, पण काहींचा थबकतो. मायचा थबकला. तोंड उघडत नव्हते म्हणून नाकातून नळी घालून तिला पेज, दूध, डाळीचे पाणी दिले जाई. ती ओट्यावर बसून शेंगा फोडायची आणि अर्ध्या जबड्याने नातवंडांवर ओरडायची. तिचे बोलणे तोवर फक्त घरच्यांनाच कळत असे.

ही विद्या आली कुठून हे थोडे सांगायला हवे. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली साँडर्स या बाईंनी सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस सुरू केले. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि मरणाऱ्यांच्या वेदनेवर काम करायचे म्हणून वयाच्या तिशीत डॉक्टरकी शिकल्या. वेदना ही एकटी शरीराची नसते, ती मनाची, सामाजिक आणि आध्यात्मिकही असते व सगळी एकत्रच पाहावी लागते, ही त्यांची मांडणी. भारतात असे पहिले हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला निघाले, ते शांती आवेदना, १९८६ साली. पुण्याला वारज्यात सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे. पण आमच्या तालुक्याहून वांद्रे काय आणि वारजे काय, रात्रभराची एसटी.

साँडर्सबाईंच्या ‘सामाजिक वेदना’ या शब्दापाशी मी बराच थांबलो. इंग्लंडात त्याचा अर्थ एकटेपणा, नोकरी, घर असा असेल. आमच्याकडे माय वॉर्डात पाणी मागताना आधी इकडेतिकडे पाहत असे. कोणी काही म्हणाले नव्हते. साठ वर्षांची सवय होती. ड्रेसिंग करणारी नर्स हातमोजे घालून आली की ती मला हळूच विचारायची, “समद्यांलाच घालती का माज्यालाच?” सगळ्यांनाच घालतात असे मी तिला दहा वेळा दाखवले, तेव्हा तिचे समाधान झाले. या वेदनेवर गोळी नाही, परंतु ती वेदनेच्या हिशेबात धरायला हवी.

आता गोळीकडे वळतो, कारण सगळे घोडे तिथेच अडते.

कॅन्सरच्या तीव्र दुखण्यावर मॉर्फिन हे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच पायऱ्या घालून दिल्या : आधी पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या, मग कोडीनसारखे सौम्य औषध, त्याने न भागले तर मॉर्फिन, शक्यतो तोंडाने, आणि घड्याळ लावून. दुखायला लागल्यावर द्यायचे असे नाही. साधी गोळी दर चार तासांनी द्यायची, म्हणजे दुखणे वर येतच नाही. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतेच, म्हणून पहिल्या दिवसापासून जोडीला जुलाबाचे औषध लागते. सुरुवातीचे काही दिवस मळमळ आणि गुंगी असते, ती बहुधा ओसरते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यापुरते घेतलेल्या मॉर्फिनने मरण लवकर येत नाही. आणि ‘सवय लागेल’ ही भीती दुखण्याने रात्रभर डोके आपटणाऱ्या म्हातारीपुढे कोणी बोलून दाखवू नये.

भारतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने आहेत. आपल्या मातीतली अफू बाहेरच्या देशांत औषधासाठी जाते, आणि आपल्या माणसाला गोळी मिळत नाही. अमली पदार्थांविरुद्ध १९८५ साली जो एनडीपीएस कायदा झाला त्यात शिक्षा इतक्या कडक आणि परवाने इतके किचकट होते की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला. मॉर्फिनसारखी काही औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली आणि देशभर एकच नियम झाला. मान्यताप्राप्त दवाखान्याला आता ती ठेवता येतात. तरीही आमच्या तालुक्यातल्या एका डॉक्टराने मला सांगितले, “सर, ते नशेचं औषध आहे, आम्ही नाही भानगडीत पडत.” त्याच्या दवाखान्यासमोर देशी दारूचे परवानाधारक दुकान आहे. दारूला गाव सोडून कुठे जावे लागत नाही. मॉर्फिनच्या गोळ्यांसाठी मी दर पंधरा दिवसांनी जिल्ह्याच्या शहरात जात होतो आणि ते दिवस बिनपगारी होते. परंतु गोळी सुरू झाल्यावर चौथ्या रात्री माय सलग सहा तास झोपली. तिची झोप पाहायला घरातले सगळे जागे होते.

जखमेचेही सांगितले पाहिजे, कारण यावर कोणी बोलत नाही. तोंडाची, मानेची गाठ फुटली की तिला वास येतो. तो शेजारघरापर्यंत जातो. येणारे-जाणारे कमी होतात ते या वासाने. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड करून जखमेत भरली की वास बराच हटतो. गोळी अगदी स्वस्त आहे. जखमेत अळ्या पडल्या तर टर्पेंटाइनचा बोळा धरायचा, अळ्या वर येतात, चिमट्याने काढायच्या. नर्सने हे एकदा करून दाखवले आणि मग घरी आम्ही केले. आम्ही म्हणजे मुख्यतः माझ्या वहिनीने. पुरुषांनी ‘आईची सेवा’ म्हणायचे आणि चिमटा सुनेच्या हाती द्यायचा, हा प्रकार चळवळीतल्या घरांतही चालतो. आठवड्यानंतर वहिनीने सरळ सांगितले, “भाऊजी, सकाळचं ड्रेसिंग तुमचं. मला रोजगाराला जायचंय.” तिचे बरोबर होते. रोजगार बुडाला तर घर कोण चालवणार? विनयपिटकात गोष्ट आहे : अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूला इतर भिक्खूंनी तसेच सोडले होते. तथागताने आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले आणि मग संघाला जाब विचारला. ज्यांच्या माथी जातीने घाण उपसणे मारले त्या आपण या गोष्टीचा अर्थ नीट लावला पाहिजे. तिथे धुणारा संघाचा प्रमुख होता, आणि त्याने ते काम हलक्या माणसाकडे ढकलले नाही.

सहाव्या महिन्यात गाठ पुन्हा वाढली. गोळ्या लागू पडेनात. नळीतून दिलेली पेज छातीत जाऊ लागली, वजन उतरले, जखमेतून थोडे थोडे रक्त येऊ लागले. एका खासगी दवाखान्यात सांगितले, दाखल करा, गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवू, लागले तर व्हेंटिलेटर. भाऊ कर्ज काढायला निघाला. त्याचे म्हणणे मी हलके मानत नाही. “तिनं आपल्यासाठी खडी फोडली, आन् आपण पैसा बघायचा का?” या प्रश्नाला वैद्यकशास्त्रात उत्तर नाही. मी डॉक्टरबाईंना तीन गोष्टी विचारल्या. याने रोग हटेल का? ती घरी परत येईल का? हे नाही केले तर तिचे हाल होतील का? पहिल्या दोहोंचे उत्तर नाही असे आले. तिसऱ्याचे उत्तर असे की, दम लागला, दुखले, रक्त आले तर काय करायचे ते सगळे आधीच ठरवून, औषधे घरात ठेवून देता येते. ज्याच्यावर अशी वेळ येईल त्याने हे तीन प्रश्न विचारावेत.

पण ठरवायचे कोणी? आपल्या घरांत रोग्याला न सांगण्याची रीत आहे. मुलगे, जावई, एखादा शिकलेला भाचा अंगणात उभे राहून ठरवतात आणि आत पडलेल्या बाईला कोणी विचारत नाही. मायने आयुष्यात स्वतःविषयी फार थोडे ठरवले होते : लग्न नाही, मुले किती ते नाही, मजुरी नाही. मी तिला सांगितले. गाठ जाणार नाही, मोठ्या दवाखान्यात नळ्या घालतील, घरी राहिलीस तर दुखू देणार नाही पण तू फार दिवस राहणार नाहीस. ती बराच वेळ छताकडे पाहत होती. मग म्हणाली, “मला हितंच ऱ्हाऊ दे. पर दुखू द्यायचं न्हाई बरं का.” आणि थोड्या वेळाने, “भावाला म्हनावं, सावकाराच्या दारात जाऊ नगं.”

शुद्धीवर असलेल्या, समजत्या माणसाने एखादा उपचार नाकारणे हा त्याचा हक्क आहे. त्यासाठी कोर्टाची वा मंडळाची गरज नाही. जो बोलू शकत नाही त्याच्यासाठी मात्र कायदा लागतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ४२ वर्षे बेशुद्धावस्थेत राहिलेल्या अरुणा शानभाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली यावर पहिल्यांदा वाट करून दिली. मग ९ मार्च २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालाने सन्मानाने मरणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. शुद्धीत असताना आपली इच्छा लिहून ठेवता येते. २०१८ च्या नियमांनी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा आहे. लिहिलेले नसेल तर दवाखान्याची दोन वैद्यकीय मंडळे नातेवाइकांच्या संमतीने निर्णय घेतात. इंजेक्शन देऊन मारणे मात्र आजही गुन्हाच आहे. कृत्रिम आधार काढून घेणे वेगळे आणि मारणे वेगळे.

आता तो कागद. पेशंटला घरी नेताना बहुतेक दवाखान्यांत एका छापील कागदावर सही घेतात : डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, आमच्या जबाबदारीवर नेत आहोत. आपली माणसे अंगठा देतात आणि त्या क्षणी दवाखान्याची जबाबदारी संपते. कित्येकदा सल्ला डॉक्टरांचाच असतो आणि कागद मात्र उलटे सांगतो. टाकून देणे आणि सांभाळणे यांतला फरक मी या कागदावरून करतो. रोग आता हटणार नाही असे डॉक्टरांनी कारणांसह लिहून दिले आहे का? दुखण्याचे औषध, तेही पुढच्या भेटीपर्यंत पुरेल इतके, दिले आहे का? जखम, नळी, दम, रक्त यांचे काय करायचे ते घरच्या एकाला तरी करून दाखवले आहे का? रात्री दोन वाजता उचलला जाईल असा फोन नंबर दिला आहे का? यातले काहीच नसेल तर ती हद्दपारी आहे. तिथे सही न करता वाद घालावा. सगळे असेल तर घरी नेणे हा उपचाराचाच भाग आहे. आम्ही कागद परत केला, डॉक्टरबाईंनी दुसरा लिहून दिला.

शेवटचे सतरा दिवस. खाणे हळूहळू सुटले. भूक जाते ती शरीर मिटत आल्यामुळे, हे ठाऊक नसले की घरचे बळजबरीने भरवतात किंवा सलाईनचा आग्रह धरतात, आणि ते पाणी छातीत, पायांवर साचते. आम्ही ओल्या फडक्याने तिचे ओठ, जीभ भिजवत होतो. घशात घरघर सुरू झाली तेव्हा कुशीवर वळवले; ती घरघर पाहणाऱ्याला जितकी भयंकर वाटते तितकी तिला जाणवत नसते असे नर्सने फोनवर सांगितले. रक्ताचे डाग दिसू नयेत म्हणून गडद रंगाची चादर जवळ ठेवायला सांगितले होते, ती लागली नाही. मॉर्फिन नळीतून शेवटपर्यंत गेले. माय पहाटे गेली. एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करावी लागते, ती केली.

हे आम्हाला जमले कारण मी शहरापर्यंत जाऊ शकलो आणि इंग्रजीतली चिठ्ठी वाचू शकलो. ज्याच्या घरात असा कोणी नाही त्याचे काय? केरळात याचे उत्तर काही अंशी सापडले आहे. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकाराने काम सुरू झाले. पुढे गावोगावच्या सामान्य माणसांनी प्रशिक्षण घेऊन आपापल्या परिसरातल्या रोग्यांच्या घरी जायला सुरुवात केली. दरमहा थोडी वर्गणी, एक नर्स, एक गाडी. २००८ साली तिथल्या सरकारने धोरण आखले आणि पंचायती त्यात आल्या. आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे, आणि गावच्या आरोग्यवर्धिनी केंद्रातल्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची व पॅलिएटिव्ह शुश्रूषा लिहिलेली आहे. यादी भिंतीवर असते. जयंतीची वर्गणी, मिरवणूक, विहाराचे बांधकाम ज्या मंडळांना जमते, त्यांना चार मुलामुलींना ड्रेसिंग आणि नळीची निगा शिकायला पाठवणे आणि तालुक्याच्या दवाखान्याला मॉर्फिन ठेवण्याचा अर्ज करायला भाग पाडणे जमणार नाही असे नाही. आमच्या मंडळाने असा अर्ज दिला आहे. अजून उत्तर नाही.

मायच्या उरलेल्या गोळ्या मी मोजून दवाखान्यात परत केल्या. त्या दुसऱ्या कोणाला देता येत नाहीत. वस्तीच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा हमाल आहे, घशाचा कॅन्सर, आणि त्याचा मुलगा उरलेल्या गोळ्या मागायला आला होता. त्याला म्हटले, गोळ्या नाही देता येणार, पण मंगळवारी ओपीडी असते, बापाची फाईल आणि आधार कार्ड घेऊन पहाटेच्या एसटीने निघ, मी येतो.